उशाशी धरलेला फोन

"सही करा ना बाई, उन्हात किती वेळ उभं करणार मला?" दारातला कोर्टाचा बेलीफ घाम पुसत म्हणाला, पण नग्वाच्या कानांत त्याचा एक शब्द शिरेल तर शपथ! तिची नजर हातातल्या कागदाच्या पहिल्याच ओळीवर खिळली होती, आणि तिथं, सरकारी शिक्क्याला अगदी खेटून, कुणाच्या काळजाची काडीइतकी पर्वा न करता छापलं होतं... 'मरहूमा दौलत यांचे वारस'.

मरहूमा! तिची यम्मा!

"कांदा चिरत होतात वाटतं," तिच्या डोळ्यांकडे बघून बेलीफ जरा नरमला.

"हो... कांदाच," ती कशीबशी म्हणाली, आणि त्याने बोट ठेवलं तिथं तिने सही केली. तो गेला. पायऱ्या उतरताना त्याने शेजारच्या पोराला रस्ता विचारलेलंही तिला ऐकू आलं, आणि तरी ती उंबऱ्यातच उभी होती.

आई गेली हे का तिला त्या कागदाने कळलं होतं? छे! गेल्या हिवाळ्यात याच हातांनी तिने आईला शेवटची आंघोळ घातली होती, कफनाच्या गाठी बांधल्या होत्या. तिच्या पायाखालची जमीन सरकली ती खालच्या ओळी वाचून. दावा लावणारा... फौझी, तिचा सख्खा थोरला भाऊ. प्रतिवादी पहिली... नग्वा. आणि प्रतिवादी दुसरा... हिशाम, मुक्काम मिलान, इटली. बजावणी परराष्ट्र खात्यामार्फत, वकिलातीच्या हस्ते.

म्हणजे हाच कागद, याच पहिल्या ओळीसकट, हिशामच्या हातात पडणार होता. आणि हिशामला... त्या अभागी जीवाला ठाऊकच नव्हतं की त्याची आई या जगात नाही!

परमुलखात गेलेल्याला वाईट बातमी द्यायची नाही, ही आमच्या दुमियात शहराची फार जुनी रीत. परक्या भिंतींत एकटा बसलेला माणूस, पाठीवर हात फिरवायला कुणी नाही, गळ्यात पडून रडायला कुणी नाही, त्याला कळवून करायचं काय? ज्याच्या घरी असं घडतं त्या घराची सगळी गल्ली तोंडाला कुलूप घालते. यम्माने तर जिवंतपणीच शपथ घातली होती. शेजारच्या उम्म अश्रफचा मुलगा इटलीहून बापाच्या मातीला धावत आला, आणि राहायचा परवाना हातात नसल्यामुळे पुन्हा जाऊच शकला नाही. आता तो बसस्टँडवर चहा विकतो. ते बघून यम्मा दोघा मुलांना समोर बसवून म्हणाली होती, "माझा हिशाम असा अडकता कामा नये. मी मेले तरी त्याला कळवायचं नाही. परवाना त्याच्या हातात पडला की मग सांगा. माझ्या दुधाची शपथ आहे तुम्हाला!"

पुढे तिला लकवा झाला. वाचा गेली, तोंड वाकडं झालं, पण कान शाबूत होते. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर हिशामचा फोन यायचा, नग्वा तो यम्माच्या उशाशी धरायची, आणि तो अर्धा अर्धा तास बोलत राहायचा. चेहरा दाखव म्हणाला तर यम्माच हाताने नको नको म्हणायची. लेकाने आपलं वाकडं तोंड बघू नये म्हणून! त्या माउलीचं वात्सल्य ते!... आणि यम्मा गेली त्याच्या नंतरच्या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा नग्वाच्या हाताला दुसरं काही सुचलंच नाही. तिने तो उचलला, आणि रिकाम्या उशीपाशी धरला.

तेव्हापासून ती तो धरतच आली होती.

चुलीवरचा कांदा तसाच करपत ठेवून ती निघाली. पायात एक चप्पल स्वतःची, एक यम्माची. तेसुद्धा तिला अर्ध्या वाटेवर कळलं. फौझीच्या कारखान्यात सोफ्याच्या पाठीवर वेलबुट्टी कोरायचं काम चाललं होतं, भुशाने हवा पिवळी झाली होती.

"दादा! हे काय करून बसलास तू?"

"हां, मिळालं का तुला?" फौझी पटाशी न थांबवता म्हणाला. "अगं, तुला सांगायचंच राहिलं. घाबरतेस काय एवढी? नावापुरता दावा आहे तो. पोराचं लग्न ठरतंय, वर मजला चढवल्याशिवाय मुलीचा बाप हो म्हणायला तयार नाही. घर यम्माच्या नावावर. सगळ्यांच्या सह्या हव्यात. आणि हिशामची सही मागायची म्हणजे त्याला सांगणं आलं की... म्हणून मग वकिलांनी तोड काढली. दावा लावायचा! कोर्टाचा हुकूम झाला की सहीचं कामच नाही. त्या पोराच्या जिवाला घोर नको म्हणूनच तर एवढा खटाटोप केला मी!"

"आणि त्याचं समन्स?"

"ते जातं आपलं सरकारी वकिलांच्या कचेरीत. तिथं टेकवलं की बजावणी झाली असं धरून चालतात. पुढे कैरो, मग परराष्ट्र खातं, मग कुठल्यातरी कपाटात धूळ खात पडतं. आजवर कुणाला मिळालंय सांग बरं?"

"त्याचा पत्ता कुणी दिला त्यांना?"

"मीच की! वकील म्हणाले, पत्ता पुरता नसला तर काम अडतं. म्हणून मी त्याच्या खोलीचा नंबर, मालकाचं नाव, झालंच तर त्याचा फोन नंबरसुद्धा..."

आणि इथं फौझीची पटाशी थांबली.

"वाच," नग्वाने कागद त्याच्या नाकासमोर धरला. "पहिली ओळ वाच, दादा."

त्याने वाचली. पुन्हा वाचली. रंगाऱ्यांसमोर, हमालांसमोर, हा पहाडासारखा माणूस मटकन लाकडाच्या ढिगावर बसला.

"मी... मी वाचलंच नव्हतं गं! वकिलांनी सांगितलं तिथं नुसती सही ठोकली... हाय रे देवा! आपल्या आईच्या मरणाची बातमी मीच त्याला कोर्टाकडून धाडली!"

काय म्हणावं या माणसाला! इतके महिने जी गोष्ट अख्ख्या गल्लीने जिवापाड जपली, मिलानमधल्या आमच्या पोरांनीही ओठांबाहेर काढली नाही, ती याने शिक्क्यानिशी, स्वतःच्या खर्चाने पाठवून दिली. आणि तीही भावाचं मन जपायला!

त्याने तिथूनच वकिलांना फोन लावला. वकील मोठ्या खुशीत होते. "नशीबवान आहात, फौझीसाहेब! तुमचे कागद यंदा घोड्यावर बसूनच गेले. मिलानच्या वकिलातीत पोचले म्हणे. आता ते त्याला बोलावून घेतील आणि हातात देतील. दावा एकदम पक्का!"

फौझीने फोन ठेवला.

"आता आपणच सांगायला हवं," नग्वा म्हणाली. तिच्या आवाजात प्राण उरला नव्हता. "त्या कागदाच्या आधी. उद्याच शुक्रवार आहे."

"हो, हो. तू सांग त्याला."

"मी? थोरला तू आहेस, दादा."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं गं... तुला जमतं असलं सगळं."

तुला जमतं! हेच तर तिला आयुष्यभर ऐकवलं गेलं होतं. यम्माची कूस बदलायला तुला जमतं, भरवायला तुला जमतं, खोटं बोलायलाही तुलाच जमतं! त्या जमवाजमवीत तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं, केसांत पांढरं आलं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. कागदाची घडी करून तिने ती कमरेला खोचली आणि घरी येऊन करपलेली कढई घासत बसली.

दुसऱ्या दिवशी नमाज आटोपून फौझी आला. तो आला हेच नवल! यम्मा गेल्यापासून त्या खोलीत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. आत आला आणि दारातच थबकला. पलंगावर धुतलेली चादर, धुतलेला अभ्रा, उशाला पाण्याचा पेला, खिडकीचा पडदा यम्माला आवडायचा तसा अर्धाच ओढलेला.

"हे... हे अजून असंच ठेवतेस तू?"

"फोनवर घरातले आवाज ऐकू येतात त्याला," नग्वा खाली बघत म्हणाली. "पेला ठेवल्याचा आवाज आला नाही तर विचारतो, पाणी दिलंस का यम्माला?"

एवढ्यात फोन वाजला. नग्वाने स्पीकर लावून तो उचलला. आज सांगायचंच! "हिशाम, बाळा, ऐक..."

"ताई, आधी माझं ऐक!" पलीकडून तो आनंदाने नुसता फुटत होता. "आपल्या वकिलातीतून फोन आला मला! सोमवारी या म्हणाले, तुमच्या नावाने सरकारी कागद आलाय! अगं, परवान्यासाठी तिकडून दाखला मागवला होता ना मी, तोच असणार! आता महिन्याभरात काम होतंय बघ. दे, दे, यम्माला दे. तिला मला स्वतः सांगायचंय!"

इतक्या आनंदावर असा घाव घालायला कुठल्या दगडाचं काळीज आणायचं? नग्वाने असहायपणे फौझीकडे बघितलं. फौझीने भिंतीकडे तोंड फिरवलं. आणि मग तिचे गुडघे आपोआप टेकले, दर शुक्रवारसारखे, फरशीच्या त्याच थंड चौकोनावर, आणि तिने फोन रिकाम्या उशीपाशी धरला.

"यम्मा! ऐकतेस ना? माझं काम होतंय गं!" लहान पोरासारखा आवाज होता त्याचा. "आलोच मी. यम्मा, तुझ्या हातचं नाही मिळणार आता, पण तुझ्यासमोर बसून कांदा भरलेलं बदक खाणार आहे मी!... आणि एक सांगू? फोन टेकवून ताई कामाला गेली ना? ती मला तुला दाखवत का नाही गं? तू नको म्हणतेस हे मला नाही पटत. मला वाटतं तीच नको म्हणते. तुला नीट ठेवत नसेल ती, म्हणून लपवते. मागे तिला मागणी आली तेव्हा मीच दादाला म्हटलं होतं, तिचं लग्न नको करू, यम्माकडे कोण बघणार? आता वाटतं चूकच झाली माझी. घर मिळवायला बसलीय ती तुझ्या उशाशी! पण तू घाबरू नकोस हं. मी येतो आणि तुला तिच्या तावडीतून सोडवतो..."

फौझी गर्रकन वळला. त्याची बहीण गुडघ्यांवर होती, तिच्या गालांवरून धारा लागल्या होत्या आणि हात मात्र तसूभरही हलला नव्हता. जणू खरोखरच तिथं एक म्हातारा कान ऐकत होता.

"बरं, जेवलीस का यम्मा? ए ताई, इकडे ये! जेवली का गं ती?"

नग्वाने ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं. "हो रे. जेवली हं ती. हसली तुझं ऐकून."

फोन बंद झाला. आज पेला ठेवल्याचा आवाज करायचंही भान तिला राहिलं नव्हतं.

"दर शुक्रवारी?" फौझीचा आवाज फाटला. "दर शुक्रवारी असं बोलतो तो तुला?"

"मला नाही बोलत तो. यम्माला बोलतो."

"आणि तू... तू ऐकून घेतेस?"

"मग काय करू, दादा? कुणीतरी ऐकायलाच हवं ना त्याचं!"

फौझीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हुंदके देऊन रडू लागला. आईच्या जनाज्यालाही एवढा रडला नव्हता तो. आपण कारखान्यात बसून म्हणत होतो, नग्वा बघेल, नग्वाला जमतं... आणि तिने काय बघितलं होतं ते त्याला आज दिसलं! "मी सांगतो त्याला," तो उठला. "आत्ता सांगतो. माझं पाप आहे ते!"

त्याने फोन लावला. एकदा, दोनदा, दहादा. पण हिशाम कामावर पोचला होता. भट्टीसमोर पिझ्झे लावताना फोन कपाटात ठेवायचा, असा तिथला नियम. शनिवारी उचलला तेव्हा गोंगाटात "दादा, नंतर बोलू, सोमवारनंतर मिठाई वाटायचीय!" एवढंच ओरडला आणि ठेवून दिला. रविवारी फौझीने पुन्हा लावला. "तब्येत सांभाळ रे" एवढंच म्हणून तो घामाघूम होऊन बसला. चाळीस माणसांना दरडावणारा माणूस, एक वाक्य बोलू शकला नाही!

सोमवार उजाडला आणि मावळला. हिशामचा फोन आला नाही. लावला तर उचलला नाही. मंगळवारी त्याच्या खोलीवरच्या पोराने एवढंच सांगितलं, "वकिलातीतून आला तो कागद छातीशी धरूनच. जेवत नाही, बोलत नाही. काका, त्याने आम्हाला एकच विचारलं. तुम्हा सगळ्यांना माहीत होतं ना रे?"

नग्वाने अंथरूण धरलं नाही, एवढंच. कामं करत राहिली. पण तिचं अंतःकरण आतून टाहो फोडत होतं. शपथ आईने घातली होती, दावा भावाने लावला होता, पण खोटं बोललेले ओठ तिचे होते! हो, जेवली ती. हो, हसली ती. झोपलीय ती... एकेक वाक्य आता तिच्यावरच उलटून येत होतं. तो आता कधीच बोलणार नाही आपल्याशी, हे तिने मनाशी धरून टाकलं. तिने पलंगावरची चादर काढली, अभ्रा काढला, धुतला, वाळवला... आणि का कोण जाणे, गुरुवारी संध्याकाळी तो पुन्हा उशीला चढवला.

शुक्रवारी नमाजानंतर फौझी येऊन खुर्चीत बसला. दोघंही त्या मुक्या फोनकडे बघत राहिली. आणि नेहमीच्याच वेळेला तो वाजला.

नग्वाच्या हातून तो दोनदा निसटला. "हि... हिशाम..."

"यम्माच्या उशाशी धर."

आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. याला कळलं नाही का? का याचं डोकं फिरलं? तिने फौझीकडे बघितलं, फौझीने मान हलवली, आणि ती गुडघ्यांवर बसली.

"धरलाय."

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला.

"यम्मा," हिशाम म्हणाला, "सोमवारी मला कागद मिळाला. खिडकीतल्या माणसाने सही घेतली आणि म्हणाला, वाचून घ्या. मी वाचलं... मी तिथं ओरडलो, यम्मा. त्याला म्हटलं, चुकीचा कागद आहे, माझी आई जिवंत आहे, परवाच तिच्याशी बोललोय मी! तो बिचारा पाणी घेऊन बाहेर आला... मी तिकिटाच्या दुकानापर्यंत गेलो. पैसे काढले. म्हटलं, खड्ड्यात गेला तो परवाना. मग तुझी शपथ आठवली, उम्म अश्रफच्या पोरामुळे घातलेली. मलाही एकदा बोलली होतीस तू, मी हसण्यावारी नेलं होतं. मी पैसे परत खिशात घातले. आणि रस्त्यात उभ्या उभ्या माझ्या डोक्यात आलं... की यम्मा नव्हती, तर एवढे शुक्रवार मी कुणाशी बोलत होतो?"

नग्वाने हुंदका दातांखाली दाबला.

"कुणाशी बोलत होतो मी, ताई?"

"माझ्याशी रे," ती म्हणाली. "माफ कर मला. मी ऐकत होते."

"सगळं ऐकलंस?"

"सगळं."

"ते... तावडीतून सोडवतो म्हटलेलं?"

"असू दे रे, बाळा. तुला काय ठाऊक!"

आणि मग पलीकडे बांध फुटला! परक्या देशातल्या परक्या खोलीत तो दाढीमिशी आलेला पोर ऊर फुटेस्तोवर रडला. "ताई गं! मी तुझ्या कानात विष ओतत होतो आणि तू मला सांगत होतीस, हसली ती! तुला कुणी विचारलं का गं आजवर, तू कशी आहेस? मी तरी विचारलं का? दर शुक्रवारी पाणी दिलंस का, जेवायला घातलंस का, एवढंच विचारलं मी तुला!"

फौझी पुढे झाला, फोनशी वाकला. "हिशाम, दोष माझा आहे. दावा मी लावला. उद्याच मागे घेतो."

"नको, दादा. मी सही करून पाठवतो, बांध तू मजला, पोराचं लग्न होऊ दे. पण खालची ही खोली, हा पलंग, ही खिडकी... ही ताईची. तसं लिहून घे, तरच माझी सही."

"लिहून घेतो," फौझी म्हणाला, आणि बहिणीच्या डोक्यावर त्याने भुशाने खरखरीत झालेला हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"ताई," हिशाम हळू आवाजात म्हणाला, "एक करशील? उशीवर डोकं ठेव."

"वेडा का तू? यम्माची उशी ती..."

"ठेव ना. मला आज उशाशी तूच हवीस."

नग्वा उठली. इतके महिने ती त्या पलंगाशेजारी गुडघ्यांवरच बसली होती, त्यावर आडवी कधी झाली नव्हती. तिने अवघडत अंग टेकलं, गाल अभ्र्याला लावला, आणि फोन कानाशी घेतला. खिडकीतून नदीचा वारा येत होता.

"ठेवलंस?"

"हं."

"आता सांग," तो म्हणाला. "जेवलीस का?"

तोंडात सवयीने तेच वाक्य आलं होतं, हो रे, जेवली हं ती... पण ते ओठांपाशीच अडलं. नग्वाने डोळे मिटले, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला.

"नाही रे," ती म्हणाली. "सोमवारपासून नाही जेवले."

फौझी उठला आणि स्वयंपाकघरात भाकरी शोधायला गेला.